धुराच्या जोरावर चालणारा भाता : जुन्या मोटारीला घरी टर्बो बसवताना

पुष्कळ गावांत आज अशी एखादी मारुती ८०० सापडते, की विकायला काढली तर भंगाराचा भाव येतो आणि ठेवली तर जागा अडवते. गोठ्याच्या बाजूला, कडब्याच्या गंजीच्या आडोशाला ती उभी असते. बॅटरी केव्हाच ट्रॅक्टरला गेलेली, आणि मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालते. घरात आय.टी.आय. झालेला किंवा गॅरेजात हात काळे करणारा मुलगा असला, तर त्याचा मात्र त्या गाडीवर डोळा असतो. मोबाइलवर त्याने पाहिलेले असते, की कुणीतरी अशाच जुन्या गाडीला टर्बो बसवला आणि ती वाऱ्यासारखी पळाली. मग रात्री जेवताना विषय निघतो. वडील म्हणतात, "आहे ती आधी धड चालू तर कर." आई विचारते, "अरे, पण टर्बो म्हणजे काय?"

आपण आईच्या प्रश्नापासूनच सुरुवात करू. पुढचा सारा खर्च, सारी मेहनत आणि सारा धोका त्या एका उत्तरातून निघतो.

लोहाराचा भाता तुम्ही पाहिलेला आहे. कोळसा तेवढाच असतो, पण भात्याने वारा घातला की जाळ पांढरा होतो आणि लोखंड मऊ येते. इंजिनाच्या पोटातला जाळही वाऱ्यावरच चालतो. एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. लिटरच्या हिशेबाने एका लिटर पेट्रोलला नऊ हजार लिटरच्या आसपास हवा झाली, म्हणजे उन्हाळ्यात गावात पाण्याचा टँकर येतो तो जवळजवळ भरून. आपण पेट्रोलचे पैसे मोजतो म्हणून त्याचाच विचार करतो. हवा फुकट, म्हणून ती कुणाच्या ध्यानात येत नाही. खरे तर इंजिनाला जोर किती येणार हे ते किती हवा आत घेऊ शकते यावरच ठरते.

मारुती ८०० चे इंजिन ७९६ सी.सी.चे, तीन सिलिंडरचे. दोन फेऱ्यांत ते फार तर ७९६ सी.सी. हवा ओढणार. मिनिटाला साडेपाच हजार फेऱ्या झाल्या तरी २,२०० लिटरच्या आतच. कार्बोरेटरवाल्या गाडीत त्याचे ३९ एच.पी.च्या आसपास होतात. जोर वाढवायचा तर एक तर इंजिन मोठे करा, नाही तर त्याच पोटात हवा कोंबून भरा. टर्बो हे दुसरे काम करतो. सायलेन्सरमधून जो तापलेला धूर जोराने बाहेर पडतो, त्याच्या वाटेत एक चक्र बसवलेले असते. धुराच्या लोटाने ते फिरते. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र, ते बाहेरची हवा ओढून इंजिनात दाबते. वाया जाणाऱ्या धुरावर भाता चालवायचा, एवढीच ती युक्ती. फक्त हा भाता मिनिटाला लाखावर फेऱ्या घेतो, आणि लहान टर्बो असेल तर दोन लाखांवरही.

ही कल्पना स्वित्झर्लंडचे इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांची. त्यांनी १९०५ साली तिचे पेटंट घेतले, आणि ती नीट चालायला १९२५ साल उजाडले. तेव्हा जहाजांच्या डिझेल इंजिनांचा जोर तिने चाळीस टक्क्यांहून अधिक वाढवला. एवढ्या हुशार माणसाची वीस वर्षे गेली, हे जरा लक्षात ठेवा. घरी दोन रविवारांत टर्बो बसवतो म्हणणाऱ्या मुलाला ते सांगण्यासारखे आहे.

पौंडाचा हिशेब

टायरची हवा आपण पौंडात मोजतो. टर्बोचा दाबही पौंडातच सांगतात. आपल्या भोवतीच्या हवेचाच दाब समुद्रकाठी दर चौरस इंचाला १४.७ पौंड असतो. (वर पेट्रोलच्या हिशेबातही १४.७ आले होते. तो निव्वळ योगायोग, गोंधळ करून घेऊ नका.) घरगुती कामात माणसे ५-६ पौंड दाब धरतात. १४.७ मध्ये ६ मिळवले की २०.७, म्हणजे दाब चाळीस टक्क्यांनी वाढला. मग एच.पी.ही चाळीस टक्क्यांनी वाढणार, ३९ चे ५५ होणार, असा हिशेब मुलगा वहीवर मांडतो.

तसे होत नाही. सायकलला पंपाने हवा भरताना पंपाचे तोंड तापते, ते तुम्ही अनुभवले असेल. दाबली की हवा तापते, आणि तापली की विरळ होते. उन्हाळ्यातली ३५ अंशांची हवा साध्या टर्बोने एवढी दाबली, तर ती ८५ अंशांच्या घरात जाते. मग चाळीस टक्के जादा हवेतली जवळजवळ निम्मी बढत त्या उष्णतेतच जाते आणि वीसएक टक्के हाती लागते. ३९ चे ४७ होतात. टर्बो आणि इंजिन यांच्या मध्ये हवा थंड करणारी जाळी, म्हणजे इंटरकूलर बसवला, तर ५० पर्यंत मजल जाते. भंगारात निघालेल्या डिझेल गाडीचा इंटरकूलर या कामाला चालतो.

म्हणजे एवढा खटाटोप आठ ते अकरा एच.पी.साठी. साडेसहाशे किलोच्या हलक्या गाडीला तेवढेही पुष्कळ जाणवतात, हे खरे. पण आकडा आधी डोळ्यांसमोर असावा.

डिझेलचे शहाणपण पेट्रोलला चालत नाही

इथे आपल्याकडची मंडळी हमखास फसतात. ट्रकला टर्बो असतो, हार्वेस्टरला असतो, मोठ्या ट्रॅक्टरलाही असतो. ते वर्षानुवर्षे मुकाट चालतात. मग मोटारीचे एवढे काय?

फरक इंधनाचा आहे. डिझेल इंजिन नेहमीच गरजेपेक्षा जास्त हवा घेते. हवा आणखी वाढली तर जाळ उलट थोडा थंडच होतो, धूर कमी होतो, बिघडत काही नाही. पेट्रोल इंजिनाचे तसे नाही. तिथे हवेला मोजून पेट्रोल लागते. हवा वाढली आणि पेट्रोल त्या प्रमाणात वाढले नाही, तर जाळ भडकतो. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो, त्याला भोक पडायला वेळ लागत नाही. शिवाय पेट्रोलचा धूरच जास्त तापलेला, जोर लावला की ८०० ते ९०० अंशांच्या घरात. डिझेलवरून काढलेला टर्बो त्या आचेसाठी घडवलेला नसतो. थोडा वेळ टिकेल, पण तासन्‌तास रेटला तर टिकणार नाही.

मापाचेही पाहावे लागते. ट्रकचा टर्बो ८०० ला बसवला, तर एवढ्याशा इंजिनाच्या धुराने ते जड चक्र फिरणारच नाही. १.३ लिटरच्या डिझेल मोटारींचा छोटा टर्बो हवेच्या हिशेबाने जवळ येतो. स्विफ्टसारख्या गाड्यांत तो होता. मारुतीने २०२० मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या, त्यामुळे भंगार बाजारात तो मिळतो. घेताना दांडा बोटाने हलवून पाहा. आडवा किंचित हलला तर चालते, तेलाच्या थराची ती जागा असते. पण पाती घराच्या भिंतीला घासत असतील, किंवा दांडा मागे-पुढे सरकत असेल, तर तो टर्बो कितीही स्वस्त असला तरी दुकानातच राहू द्या.

आता कार्बोरेटर. मारुती ८०० ला २००० च्या सुमारास इंजेक्शन आले. त्याआधीच्या गाड्या कार्बोरेटरच्या, आणि गावात उभ्या असलेल्यांपैकी बऱ्याच त्याच असतात. कार्बोरेटरला टर्बो जोडायच्या दोन तऱ्हा आहेत. पहिलीत टर्बो कार्बोरेटरच्या पुढे बसतो आणि हवा-पेट्रोलचे मिश्रणच ओढून इंजिनात दाबतो. काम सोपे, पण मध्ये इंटरकूलर घालता येत नाही. घातला तर त्याच्या पोटात पेट्रोल साचते, आणि एखाद्या उलट्या भडक्याने तो बॉम्बसारखा फुटू शकतो. शिवाय ॲक्सिलरेटर सोडला की ओढ टर्बोवर येते आणि साध्या सीलमधून इंजिनाचे तेल खेचले जाते. मागे निळा धूर.

दुसऱ्या तऱ्हेत टर्बो नुसती हवा दाबतो आणि ती कार्बोरेटरमधून जाते. हे चांगले. पण इथेच मोठी मेख आहे. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल ढकलणारा इंजिनावरचा पंप तीन-चार पौंडांचा असतो. समोरून टर्बोचा दाब सहा पौंडांचा आला, तर पेट्रोल आत शिरणार कसे? विहिरीत पाणी आहे, पण मोटरला उंची पेलत नाही, तसे होते. गाडी गावातून हळू चालवली तर झकास चालते. मोकळा रस्ता मिळतो, मुलगा पाय दाबतो, दाब चढतो, आणि ज्या क्षणी पेट्रोल सर्वांत जास्त हवे त्याच क्षणी ते तुटते. पिस्टनला भोक पडायचे ते इथे. म्हणून विजेचा पंप हवा, आणि टर्बोचा दाब जेवढा चढेल तेवढाच पेट्रोलचाही चढवणारा रेग्युलेटर हवा. वाटीच्या श्वासनळीलाही तोच दाब पोचला पाहिजे, नाही तर जेटमधून पेट्रोल वर येणार नाही. पोकळ पितळी फ्लोट असेल तर तो दाबाने चेपतो. थ्रॉटलच्या दांड्याच्या झिजलेल्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर फुंकली जाते, आणि बॉनेटखालच्या एवढ्याशा जागेत लाल झालेला टर्बो हातभर अंतरावर असतो. पावडरचा अग्निशामक जवळ ठेवल्याशिवाय या गाडीला किल्ली लावू नये.

फ्रान्सच्या रेनो कंपनीने १९८५ मध्ये रेनो ५ जी.टी. टर्बो ही छोटी गाडी काढली. १,३९७ सी.सी., ११५ एच.पी., आणि पेट्रोल असेच दाबलेल्या हवेच्या कार्बोरेटरमधून. गाडी नावाजली. पण जोरात चालवून बंद केली, की बॉनेटखालच्या आचेने कार्बोरेटरमधले पेट्रोल उकळायचे आणि गाडी लवकर चालू व्हायची नाही. कारखान्यात बांधलेल्या गाडीची ही तऱ्हा होती.

आणि आपल्या उसाचाही यात संबंध येतो. २०२५ पर्यंत देशातल्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळू लागले. कारखान्याला ऊस घालणाऱ्या घराला त्याचे बरेच वाटेल, पण जुन्या कार्बोरेटरला ते कळत नाही. इथेनॉलच्या पोटात आधीच प्राणवायू असतो, म्हणून तशा पेट्रोलला हवा थोडी कमी लागते. जुन्या जेटने मात्र तेवढेच पेट्रोल सोडले, की मिश्रण सातएक टक्के पातळ झाले. साध्या गाडीत ते खपून जाते. टर्बोच्या गाडीत आधीच काठावर चाललेले असते, तिथे ते खपत नाही. जेट मोठे करणे भाग आहे. रबरी नळ्याही बदलाव्यात, जुने रबर इथेनॉलने फुगते आणि चिरते.

डब्यातले खडे

पेट्रोल इंजिनात ठिणगी पडली, की जाळ एका टोकाकडून दुसरीकडे सरकत जातो, पाचट पेटवल्यावर सरीने पुढे जातो तसा. पण हवा फार दाबलेली, फार तापलेली असली, तर जाळ पोचायच्या आधीच पलीकडचे मिश्रण आपोआप पेट घेते. दोन्ही जाळ समोरासमोर भिडतात आणि पिस्टनवर हातोडा बसतो. पत्र्याच्या डब्यात खडे वाजवावेत तसा आवाज येतो. याला नॉकिंग म्हणतात. हे काही मिनिटे चालू राहिले तरी हेड पॅकिंग फुटते, पिस्टनच्या रिंगा तुटतात.

याला उपाय तीन. दाब कमी ठेवा, हवा थंड करा, आणि ठिणगी उशिरा पाडा. दर पौंड दाबामागे टायमिंग साधारण एक अंश मागे घ्यावे, असा मिस्त्री लोकांचा ढोबळ हिशेब आहे. जाड हेड पॅकिंग घालून इंजिनाचे आतले कॉम्प्रेशन उतरवायचीही चाल आहे. ती करायची तर हेड आणि ब्लॉक दोन्ही आधी लेथवाल्याकडून सपाट करून घ्यावे.

१९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर ही मोटार निघाली. टर्बोसह बाजारात आलेल्या अगदी पहिल्या मोटारींतली ती एक. तिला नॉकिंग होऊ नये म्हणून कंपनीने पाणी आणि मेथॅनॉल यांचे मिश्रण भरलेली एक टाकी दिली. दाब चढला की ते थेंब थेंब आत फवारले जाई आणि हवा थंड होई. योजना उत्तम. पण मालक ती टाकी भरायला विसरत. टाकी रिकामी झाली की गाडीचा जोर आपोआप कमी व्हावा अशी सोय होती, मग मालक तक्रार घेऊन येत. शेवटी पुष्कळ गाड्यांचे टर्बो काढून टाकण्यात आले. आपल्या घरात रेडिएटरमध्ये पाणी पाहायची सवय किती जणांना आहे, ते आठवून पाहा.

पाइप आणि तेल

सिलिंडरमधून धूर टर्बोपर्यंत नेणारा मॅनिफोल्ड घरीच बनवावा लागतो. सायलेन्सरच्या पातळ नळीचा केला तर तो लाल होऊन वाकतो. साखर कारखान्यात वाफेच्या लाइनला वापरतात त्या जाड नळाचे बेंड घ्यावेत आणि फ्लँज दहा-बारा मिलिमीटर जाडीची कापून घ्यावी. वेल्डिंगच्या आधी तुकडे डोक्यावर बोल्टने आवळून ठेवावे, नाही तर फ्लँज वेडीवाकडी होते आणि पॅकिंग धरत नाही. शिवाय तापल्यावर लोखंड वाढते. हातभर लांबीची नळी सातशे अंशांनी तापली, तर साडेतीन मिलिमीटरच्या आसपास वाढते. दोन्हीकडून घट्ट बांधलेली असेल तर जोड फुटणारच. टर्बोचे चार-पाच किलो वजन नुसत्या मॅनिफोल्डवर लटकवू नये, खालून ब्रॅकेटचा आधार द्यावा, पण त्याला थोडी सरकायला जागा असावी.

तेल हा टर्बोचा प्राण. दांडा बेअरिंगला टेकत नाही, तेलाच्या थरावर तरंगत फिरतो. ऑइल प्रेशरचे बटन असते तिथे टी जोडून तेल घेता येते. ही बाजू सगळे नीट करतात. चुकते ती परतीची नळी. टर्बोतून बाहेर पडणारे तेल दाबाखाली नसते, फेसाळलेले असते, आपल्या वजनाने खाली उतरते. म्हणून परतीची नळी जाड हवी, सरळ उताराची हवी, आणि ऑइल चेंबरमध्ये ती तेलाच्या पातळीच्या वर उघडली पाहिजे. शेतातल्या चारीला उलटा उतार दिला तर पाणी तुंबते, तसे इथे तेल तुंबते आणि सील ओलांडून सायलेन्सरमधून जळत बाहेर पडते. मग लोक टर्बोवाल्याला शिव्या देतात.

झिजलेल्या इंजिनाला हे करूच नये. आधी तिन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्या. एक जरी पडलेले असेल, तर टर्बोचे पैसे बोअर-पिस्टनच्या कामाला लावलेले बरे.

दाब मर्यादेत ठेवायला टर्बोला एक झडप असते, तिला वेस्टगेट म्हणतात. ठरलेल्या दाबावर ती उघडते आणि जादा धूर चक्राला वळसा घालून जातो. ही झडप तारेने बांधून दाब वाढवायची युक्ती कुणी सांगितली, तर त्या माणसाला चहा पाजून घरी पाठवा.

आता मुलगा म्हणेल, सगळे नीट केले, आता दहा पौंड दाब का नको? याचे उत्तर इंग्लंडच्या एम.जी. मेट्रो टर्बोने दिले आहे. १९८२ ची ही छोटी हॅचबॅक, १,२७५ सी.सी., ९३ एच.पी. इंजिन आणखी देऊ शकले असते. पण खालचा गिअरबॉक्स तेवढा जोर पेलणारा नव्हता, म्हणून कंपनीनेच दाबाला आवर घातला. मारुती ८०० चा क्लच, गिअर, एक्सल हे सगळे ३९ एच.पी.च्या मापाने केलेले आहे. सुझुकीने जपानमध्ये १९८७ साली याच घराण्याच्या ५४३ सी.सी. इंजिनाला टर्बो लावून अल्टो वर्क्स काढली आणि ६४ एच.पी. घेतले, पण त्यासाठी पेट्रोल इंजेक्शन, बारा व्हॉल्व्हचे नवे हेड, इंटरकूलर असे पुष्कळ काही बदलावे लागले.

आणि ब्रेक? गाडी ६० च्या जागी ८० ने पळू लागली, तर थांबायला सव्वापट नव्हे, पावणेदोनपट अंतर लागते, कारण ते वेगाच्या वर्गाने वाढते. बारा इंची चाके, अरुंद टायर. गळीत हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्या रस्त्याने असतात, मागे दिवा नसतो, एखादीला लाल कापडही नसते. या रस्त्यावर कोणत्या मुलाला कोणती गाडी द्यायची, हा प्रश्न एच.पी.पेक्षा मोठा आहे. घरच्या बायकांनी तो विचारला तर त्याला भित्रेपणा म्हणू नये.

मग करायचे कुठे?

कायद्याचे स्पष्टच सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मालकाला मनाने बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितले. सी.एन.जी. किट बसवता येते, कारण ते मान्यताप्राप्त असते आणि आर.सी. बुकात त्याची नोंद होते. घरगुती टर्बोला तशी वाट नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. आणि अपघात झाला तर विमा कंपनी दाव्याला हरकत घेऊ शकते. समोरच्याच्या घरातला कर्ता माणूस गेला आणि भरपाई आपल्या सात-बाऱ्यावर आली, असा प्रसंग कुणावर येऊ नये.

तेव्हा घरची चालती, नोंदणीची गाडी या कामाला द्यायची नाही, हे वडिलांनी पहिल्या दिवशीच सांगावे. पण मुलाला नुसते "नाही" म्हणणेही मला बरे वाटत नाही. ज्याला हे काम शिकायचे आहे त्याच्या अंगात एक कसब आहे, आणि ते वाया घालवण्यासारखे नाही. भंगारातले एक इंजिन घ्यावे, अँगलचा मजबूत स्टँड करून त्यावर बसवावे, रेडिएटर आणि पेट्रोलचा डबा बाजूला लावावा. मोकळ्या अंगणात, गंजीपासून लांब. तिथे टर्बो जोडून जे शिकायचे ते सगळे शिकता येते, आणि बिघडले तर बिघडते ते इंजिन, माणूस नव्हे. शर्यतीचीच हौस असेल, तर त्यासाठी रीतसर ट्रॅक आहेत, परवाने आहेत. कोईमतूरच्या एस. करिवर्धन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस याच ८०० च्या इंजिनावर एका माणसाच्या शर्यतीच्या गाड्या बांधल्या, त्यांना फॉर्म्युला मारुती म्हणत. जोर तोच, पण गाडीचे वजनच एवढे उतरवले की ती पळू लागली. त्यांच्या नावाचा ट्रॅक कोईमतुरात आहे.

स्टँडवर पहिल्यांदा चालू करायच्या दिवशी घाई करू नका. आधी कॉइलची वायर काढून ठेवा आणि नुसता स्टार्टर मारा, थांबून थांबून, परतीच्या नळीचे तोंड डब्यात धरून. तिच्यातून तेल पडायला लागेपर्यंत ठिणगी द्यायची नाही. कोरड्या बेअरिंगवर टर्बो काही सेकंदांत खराब होतो. मग नळी जागेवर जोडा, वायर लावा, चालू करा, आणि दहा मिनिटे नुसते आयडलवर ठेवून प्रत्येक जोडावर हात न लावता नजर फिरवा. मॅनिफोल्डवर नव्या रंगाचा आणि तेलाचा धूर थोडा वेळ येतो, तो जातो. पेट्रोलचा वास आला तर तिथेच बंद करा.

दाबाचा मीटर आणि धुरातला प्राणवायू मोजणारा मीटर, हे दोन्ही असल्याशिवाय रेस वाढवू नये. टर्बोपेक्षा ते महाग वाटतील, तरी घ्या. बंद करायच्या आधी दोन मिनिटे आयडलवर राहू द्या, म्हणजे तापलेल्या दांड्याभोवतीचे तेल जळून कोळसा होत नाही. आणि इंजिन थंड झाले की तिन्ही प्लग काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडा. तोंडाशी बिस्किटासारखा तांबूस रंग असेल तर मिश्रण बरे आहे. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त. आणि एकाचे जरी चिनीमातीचे तोंड पांढरेफटक, चुन्यासारखे दिसले, किंवा त्यावर ॲल्युमिनियमचे बारीक चमकते ठिपके दिसले, तर त्या दिवशी पुन्हा स्टार्टर मारू नका. जेट काढून पुढचे माप घाला.